बिनखटक्याची गाडी

आई पहिल्यांदा गुडगावला आली तेव्हा तिला आणायला मी विमानतळावर गेलो होतो. बॅगा डिकीत, लाडवांचा डबा तिच्या मांडीवर. महिपालपूरच्या बाजूने हमरस्त्याला लागताना मागून ट्रक अंगावर येत होता, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर जरा जोरात दाबला. इंजिनाने एकदम वरचा सूर लावला आणि तोच धरून ठेवला. गाडी मात्र मागाहून, आपल्या सवडीने वेग घेत गेली. आईने कान टवकारले. म्हणाली, ‘‘अरे, ही तर आपल्या कायनेटिकसारखी वाजतेय.’’

बारा-तेरा लाख मोजून घेतलेल्या गाडीला चाळीस वर्षांपूर्वीच्या स्कूटरची उपमा मिळाली की माणूस खट्टू होतो. मीही झालो. पण रात्री विचार करताना लक्षात आलं, आईने नकळत नेमकं बोट ठेवलं होतं. माझ्या गाडीत जी सीव्हीटी आहे, ‘कंटिन्यूअसली व्हेरिएबल ट्रान्समिशन’ असं जिचं लांबलचक नाव ब्रोशरमध्ये ऐटीत छापलेलं असतं, तिचीच गावठी थोरली बहीण आमच्या पुण्याच्या घराच्या जिन्याखाली दहा-बारा वर्षं उभी होती.

1984 साली पुण्याच्या फिरोदियांनी जपानच्या होंडाशी भागीदारी करून कायनेटिक होंडा आणली. कारखाना मध्य प्रदेशात पिथमपूरला, पण स्कूटर मनाने पुण्याचीच. त्या वेळी स्कूटर म्हणजे डाव्या मुठीत क्लच आणि त्याच मुठीत पिळायचे गिअर, शिवाय किक मारण्याची कसरत. कायनेटिक बटणावर सुरू व्हायची, आणि डाव्या मुठीत पिळायला काही नव्हतंच. सायकलच्या पलीकडे काही न चालवलेली आई आठवड्याभरात ती घेऊन मंडईत जाऊ लागली. गिअर कुठे गेले, हा प्रश्न घरात कोणालाच पडला नाही.

फिरोदिया आणि होंडा 1998 मध्ये वेगळे झाले. पुढच्याच वर्षी होंडाने स्वतःची दुचाकी कंपनी काढली, कारखान्यासाठी जागा निवडली दिल्ली-जयपूर रस्त्यावरच्या मानेसरला, आणि 2001 मध्ये तिथून अ‍ॅक्टिव्हा बाहेर पडली, तीही सीव्हीटीवरचीच. म्हणजे आज दिल्लीच्या कुठल्याही सिग्नलला हिरवा दिवा लागला की झुंडीने सुटणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटरी सगळ्या सीव्हीटीवर चालतात. ‘सीव्हीटी टिकते का हो?’ असं मला सोसायटीच्या पार्किंगमध्ये विचारणारे गृहस्थ स्वतः रोज मेट्रो स्टेशनपर्यंत सीव्हीटीवरच जातात. त्यांना सांगितलं तर पटत नाही.

पटावं म्हणून एकदा स्कूटर उघडलेली बघावी. आमच्या सेक्टरच्या मार्केटमागे, पिंपळाखाली बसणाऱ्या मिस्त्रीकडे मी ती बघितली. डाव्या बाजूचं लांबट झाकण काढलं की आत दोन चाकं आणि त्यांच्यावरून फिरणारा काळा रबरी पट्टा, बस्स. आपल्याकडच्या पिठाच्या गिरणीत असतो तसा. गिरणीतली चाकं मात्र ठरलेल्या मापाची असतात, इथली चाकं माप बदलतात. दोन उथळ पराती बुडाला बूड लावून उभ्या धरल्या तर मध्ये जी इंग्रजी व्हीसारखी खाच तयार होते, तिच्यात पट्टा बसलेला असतो. पराती जवळ आणल्या की पट्टा काठाकडे चढतो आणि चाक मोठं झाल्यासारखं होतं. लांब केल्या की पट्टा आत दांड्याकडे उतरतो आणि चाक लहान होतं. पुढचं चाक मोठं होत जातं तसं मागचं लहान, कारण पट्ट्याची लांबी तेवढीच असते. पहिला, दुसरा, तिसरा असे टप्पेच नाहीत. चढणीपासून सपाटीपर्यंतची सगळी प्रमाणं एका सलग घसरगुंडीवर. स्कूटरमध्ये या पराती जवळ आणायचं काम छोटे गोल वेट करतात, वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि परातीला रेटतात. मिस्त्रीने जुने वेट माझ्या तळहातावर ठेवले. सहा होते, आणि प्रत्येकाची एक बाजू घासून सपाट झालेली. नवे आणि जुने शेजारी धरले तर चवलीचा फरक, पण तेवढ्याने पिकअप जातो, असं त्याचं म्हणणं.

मोटारीत रबरी पट्टा पुरत नाही. तो प्रयोग करून झालेला आहे. हॉलंडमध्ये हुब फान डोर्न यांनी 1958 मध्ये ‘डाफ 600’ ही छोटी मोटार याच तत्त्वावर आणली, रबरी पट्टे लावून. तिची एक गंमत अशी की रिव्हर्ससाठी वेगळं प्रमाण नसल्याने ती मागेही पुढच्याच वेगाने पळायची, आणि डच लोकांनी पुढे या गाड्यांच्या उलट्या शर्यती लावल्या. नंतर फान डोर्न यांच्या कंपनीने पोलादी पट्टा काढला आणि 1987 मध्ये सुबारूच्या जस्टी या गाडीत तो पहिल्यांदा विक्रीला आला. हा पट्टा म्हणजे पातळ पोलादी कड्यांमध्ये ओवलेल्या शेकडो पोलादी चकत्या. आणि तो ओढत नाही, ढकलतो. कॅरमच्या सोंगट्या एकीला एक लावून ठेवल्या आणि शेवटची रेटली की पहिली सरकते, तसं. पोलादी परात, पोलादी चकती, मध्ये तेलाचा पापुद्रा, आणि पकड घट्ट राहावी म्हणून पंपाने दिलेला दाब. हे तेल एकाच वेळी वंगणही असतं आणि धरून ठेवणारंही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिच्याशीच आपली गाठ पडणार आहे.

माणूस सीव्हीटी घेतो ती तंत्रज्ञानाच्या प्रेमाने नव्हे, गुडघ्यासाठी. दिल्लीतला धौला कुआँ ते गुडगावचा इफ्को चौक हे अंतर जेमतेम वीस किलोमीटर. 2008 च्या जानेवारीत दिल्ली-गुडगाव एक्सप्रेसवे सुरू झाला तेव्हा हा पल्ला चुटकीसरशी कापता येईल असं वाटलं होतं. मग सिरहौलच्या टोलनाक्यावर रांगा लागू लागल्या. 2014 मध्ये तो टोल गेला, रांगा राहिल्या. जुन्या हातगिअरच्या गाडीत मी एकदा महिपालपूरपासून क्लच किती वेळा दाबतो ते मोजायला घेतलं. शंभर झाले तेव्हा सिरहौल दिसतही नव्हतं, नाद सोडला. त्या रांगेत गाडी धड पहिल्या गिअरात चालत नाही, धड थांबत नाही. सगळा खेळ अर्ध्या क्लचवर. 2016 च्या जुलैअखेरीला पावसाने गुडगावचा हिरो होंडा चौक बुडाला आणि लोक रात्रभर गाड्यांत अडकले, तेव्हा मीही त्या गर्दीत होतो. पहाटे घरी पोचून जिना चढताना डावा पाय उचलेना. ऑटोमॅटिक घ्यायची हे त्या जिन्यावर ठरलं.

ऑटोमॅटिक म्हटलं तरी तिच्या जाती चार. टॉर्क कन्व्हर्टरवाली जुनी घराणी, दोन क्लचवाली चपळ पण रांगेत तापणारी, मग एएमटी आणि सीव्हीटी. खरी भाऊबंदकी या शेवटच्या दोघींत, आणि ती दिल्ली-एनसीआरच्या मातीतच रंगलेली आहे. 2014 च्या जानेवारीत होंडाने सिटीच्या नव्या पिढीत सीव्हीटी दिली. या सिटीचं भारतातलं मूळ गाव ग्रेटर नोएडा. 1998 ची पहिली सिटी तिथल्याच कारखान्यातली. 2014 च्या आधीच्या एका पिढीतही सीव्हीटी होती, मधल्या 2008 च्या पिढीने ती सोडून पाच गिअरांची साधी ऑटोमॅटिक घेतली होती, आता ती परत आली. आणि पुढच्याच महिन्यात, त्याच ग्रेटर नोएडात भरलेल्या ऑटो एक्स्पोमध्ये मारुतीने सेलेरिओ आणली, एएमटीसह. एएमटी म्हणजे नेहमीचाच हातगिअर. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला आत एक यांत्रिक नोकर ठेवलेला. तो प्रामाणिक आहे पण नवशिका आहे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मान हलते, मागे बसलेली मंडळी नंदीबैलासारखा होकार देतात. पण किंमत हातगिअरपेक्षा चाळीस-पन्नास हजारांनीच जास्त, तर सीव्हीटीला लाखभर मोजायचे. आणि एएमटी बिघडली तर आतला गिअरबॉक्स गल्लीतल्या मिस्त्रीच्या ओळखीचा. बलेनोला 2015 मध्ये सीव्हीटी होती. 2022 च्या नव्या बलेनोत मारुतीने ती काढून एएमटी बसवली. गिऱ्हाइकाने काय निवडलं, हे त्यावरून कळतं. मला ती निवड पटत नाही, पण मी मारुतीचा भागधारकही नाही.

सिरहौलच्या रांगेत सीव्हीटी काय देते हे सांगायला शब्द कमी पडतात, कारण ती काहीच करत नाही. ब्रेकवरून पाय हलका केला की गाडी मुंगीच्या पावलाने सरकते, दाबला की थांबते. खटका नाही, धक्का नाही. आश्रमच्या किंवा एम्सच्या फ्लायओव्हरच्या चढावर मागच्या गाडीने बंपरला बंपर लावलेला असतो, तिथेही मागे घसरायची भीती नाही. दोन तास असे गेले की माणूस घरात शिरताना माणसासारखा बोलतो. बायकोच्या मते सीव्हीटीचा हाच एकमेव सिद्ध झालेला फायदा.

मग तो आवाज. मोटारीच्या शौकिनांनी याला ‘रबर बँड’ असं नाव दिलंय: पाय दाबला की आधी रबर ताणल्यासारखं इंजिन ओरडतं, गाडी नंतर येते. तक्रार खरी आहे, पण निदान अर्धवट आहे. सीव्हीटी इंजिनाला थेट त्या फेऱ्यांवर नेऊन ठेवते जिथे त्याची ताकद आहे, आणि मग गाडीचा वेग त्याला गाठेपर्यंत प्रमाण बदलत राहते. म्हणून सूर एकच, वेग चढता. आपले कान हातगिअरवर वाढलेले. आवाज चढला, पडला, पुन्हा चढला तर आपल्याला पळाल्यासारखं वाटतं. 1993 मध्ये विल्यम्सने फॉर्म्युला वनच्या गाडीत सीव्हीटी बसवून डेव्हिड कूल्टहार्डकडून चाचणी घेतली होती. शर्यतीची गाडी, आणि सूर गिरणीच्या भोंग्यासारखा एकसुरी. पुढच्या मोसमासाठी नियम बदलले आणि सीव्हीटीवर बंदी आली. मंद असती तर कोणी बंदी घातली नसती.

गाड्या विकणाऱ्यांनी मात्र या कानांपुढे हात टेकले. आता बहुतेक सीव्हीटी गाड्यांच्या संगणकात सात-आठ ‘गिअर’ लिहिलेले असतात. जास्त पाय दिला की पट्टा मुद्दाम टप्प्याटप्प्याने उड्या मारतो, काट्यावर गिअर बदलल्याचं नाटक होतं. स्टिअरिंगमागे पॅडलही असतात. ज्या खटक्यांपासून सुटका म्हणून लाखभर जास्त दिले, तेच खटके पॅकेज करून परत. साखर सोडल्यावर शुगर-फ्री जिलबी मागवण्यातला हा प्रकार.

माझ्यापुरता उपाय पायात सापडला. दिल्लीत पाय एकदम दाबायची सवय लागते, कारण शेजारचा दाबतो. सीव्हीटीला तसं दाबलं की ती घाबरून किंचाळते. अर्ध्यापर्यंत दाबून क्षणभर थांबायचं, ती पट्टा सरकवते, मग उरलेला दाब द्यायचा. यमुना एक्सप्रेसवेवर आग्र्यापर्यंत अशी गाडी नेली तर इंजिन आहे की नाही याची शंका यावी इतकी ती गप्प राहते. पण दोन लेनच्या रस्त्यावर रोडवेजच्या बसला ओव्हरटेक करायचंय आणि समोरून ट्रॅक्टर येतोय, अशा वेळी मधला तो क्षण फार लांब वाटतो. तिथे हातगिअरवाला तिसरा टाकून निघून जातो. हे कबूल केलं पाहिजे.

‘कितना देती है’ हा प्रश्न मारुतीच्या जाहिरातीने अजरामर केला. उत्तर मिळतं ते पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेतल्या रोलरवरून. 2014 च्या सिटीत हातगिअर 17.8 आणि सीव्हीटी 18 किलोमीटर. बलेनोत 2015 ला दोन्ही 21.4, पण 2019 च्या बीएस-6 गाडीत हातगिअर 21.01 आणि सीव्हीटी 19.56. म्हणजे सरसकट नियम नाही. सीव्हीटी पट्टा आवळायला पंप चालवते, त्यात पेट्रोल जातं. उलट इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवते, त्यात वाचतं. बेरीज कुठे जाते ते इंजिनावर आणि पायावर. सगळ्यात बोलका आकडा 2018 च्या अमेझ डिझेलचा: हातगिअर 27.4, सीव्हीटी 23.8. आणि त्याहून बोलका म्हणजे तेच इंजिन हातगिअरला 200 न्यूटन मीटर टॉर्क द्यायचं, सीव्हीटीसाठी त्याला 160 वर आवरलं होतं. पोलादी पट्टा घट्ट पकडतो, पण त्यालाही मर्यादा आहे. त्या मर्यादेपलीकडे रेटलं तर तो घसरतो, आणि पोलाद पोलादावर घसरलं की परातीवर ओरखडा उठतो.

तो ओरखडा मी पाहिला आहे. नोएडाच्या एका गॅरेजात ऑटोमॅटिकचीच कामं होतात, तिथे टेबलावर एक उघडी सीव्हीटी पडली होती. परातीचा उतार आरशासारखा, त्यावर एका जागी केसाएवढी रेघ. डोळ्यांना जेमतेम दिसणारी, पण नख फिरवलं तर अडकत होतं. तेवढ्यावर त्या युनिटचा निकाल लागला होता. घासून, भरून, वेल्ड करून चालत नाही. कश्मीरी गेटच्या बाजारात मोटारीचा स्क्रू न् स्क्रू मिळतो असं म्हणतात, करोल बागेच्या नाईवाला गल्लीत जुनी गाडी अंगोपांगी नवी होते; पण सीव्हीटी म्हटलं की तिथेही मान हलते. बहुतेक ठिकाणी अख्खं युनिट बदलायचा सल्ला मिळतो आणि बिल लाखाच्या वर जातं. अमेरिकेत निस्सानला 2003 ते 2010 दरम्यानच्या गाड्यांच्या सीव्हीटीची वॉरंटी दहा वर्षं किंवा 1 लाख 20 हजार मैलांपर्यंत वाढवावी लागली होती, यावरून हे दुखणं किती खर्चिक ते कळावं. हातगिअर म्हातारा होतो तो कुरकुरत, क्लच जड होतो, दुसरा गिअर अडतो, सहा महिने सूचना देतो. सीव्हीटी शेवटपर्यंत गुळगुळीत, आणि मग एक दिवस नाही.

दिल्लीत या हिशेबाला आणखी एक काटा आहे. डिझेलची गाडी दहा आणि पेट्रोलची पंधरा वर्षांपुढे रस्त्यावर नको, हा राष्ट्रीय हरित लवादाचा 2015 चा आदेश. त्यावर न्यायालयात ओढाताण चालूच असते. म्हणून पुण्यातला माणूस ‘दोन लाख किलोमीटरनंतर काय’ म्हणून बिचकतो, तर दिल्लीकराच्या गाडीला आयुष्याचीच शाश्वती नाही. आठ वर्षांच्या गाडीला लाखाची सीव्हीटी घालणं म्हणजे निवृत्तीच्या आदल्या वर्षी घर वाढवणं. सेकंडहँड घेताना तर मी एवढंच सांगेन: इंजिन थंड असताना जा, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. चढावर हळूच पाय द्या. गाडी थरथरली किंवा फेऱ्या वाढून वेग हलला नाही, तर चहा पिऊन परत या.

हायब्रिड गाड्यांवर लिहिलेली ‘ई-सीव्हीटी’ यातली नव्हे, हे जाता जाता. 2022 च्या टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटाराच्या हायब्रिडमध्ये पट्टाच नाही; गिअरांचा एक संच आणि दोन विजेच्या मोटर मिळून ते काम करतात. नावाच्या साम्याने शोरूममध्ये बराच गोंधळ होतो.

सुट्ट्या जोडून आल्या की अर्धी दिल्ली डोंगराकडे धावते. मसुरी, लॅन्सडाउन, नैनिताल. पाच माणसं, वर सामान, एसी चालू, बाहेर मैदानात पंचेचाळीस अंश. सीव्हीटीची खरी परीक्षा तिथे. लॅन्सडाउनच्या वळणांवर माझी गाडी सलग वरच्या सुरात होती, आणि चढण संपताना अ‍ॅक्सिलरेटर मऊ झाल्यासारखा वाटला. तापलेलं तेल पातळ होतं, पकड सैलावू नये म्हणून गाडीचा संगणक ताकद आवरतो. देवदाराखाली वीस मिनिटं थांबलो, भुट्टे खाल्ले, ती निवली. उतारावर डी सोडून एल किंवा एस मध्ये टाकायचं हे निम्म्या लोकांना ठाऊकच नसतं. ते ब्रेकवर उतरतात आणि खाली पोचल्यावर चाकांना वास येतो म्हणून गाडी कंपनीला शिव्या देतात. पावसाळ्यात पुलाखालच्या पाण्यात गाडी घातली आणि गिअरबॉक्सच्या तेलात पाणी गेलं तर संपलंच. बंद पडलेली गाडी क्रेनवाला मागून उचलून पुढची चाकं रस्त्यावर फरफटत न्यायला लागला तर त्याच्या आडवं पडावं. पुढची चाकं उचलायची किंवा अख्खी गाडी फळीवर चढवायची.

आणि तेल. एका सर्व्हिस सेंटरमध्ये मला हसून सांगण्यात आलं की सीव्हीटीचं तेल ‘लाइफटाइम’ असतं. कोणाच्या लाइफचा टाइम, ते विचारायचं राहिलं. चाळीस हजारांवर मी दुसरीकडे जाऊन ते बदलून घेतलं. समोर ओतायला लावलं. नवं तेल केशराच्या पाण्यासारखं होतं, ट्रेमध्ये उतरलेलं जुनं काळ्या चहासारखं, आणि त्याला करपल्याचा हलका वास. ट्रेच्या तळाशी बोट फिरवलं तर राखाडी, अतिशय बारीक भुकटी बोटाला लागली. गॅरेजवाल्याने नॉर्मल आहे म्हणून खांदे उडवले. ती भुकटी त्या चकत्यांची होती. त्यानंतर दर चाळीस हजाराला मी स्वतः उभा राहतो.

आई परत जाणार होती ती पहाटेच्या विमानाने. साडेतीन वाजता निघालो. हिरो होंडा चौकात, जिथे त्या पावसात रात्र काढली होती, तिथे एक कुत्रं झोपलेलं होतं. सिरहौलला अडवायला कोणी नव्हतं. पाय हलका ठेवला होता, ऐंशीच्या वेगाला काटा दीड हजाराच्या आसपास. महिपालपूरचा चढ आला आणि गेला. मी आईकडे बघितलं, आवाजाबद्दल काही म्हणेल म्हणून. ती रिकामा डबा मांडीवर धरून झोपली होती.